न फुटलेला प्रोटॉन

“प्रोटॉन फोडला म्हणं हिनं. आवाज आला आसंल का रं?”

“कसला आवाज? जमिनीखाली फोडत्यात गड्या ते!”

माझ्या मागच्या खुर्च्यांवर दोन आजोबा बोलत होते. डोक्यावरचा फेटा घसरेल म्हणून मला वळून बघताही येईना. वडूजजवळच्या आमच्या गावात त्या संध्याकाळी माझा सत्कार होता. आमच्याकडे कुणी भरती झालं, कुणाचा बैल शर्यतीत पहिला आला, की चौकात फ्लेक्स लागतो. माझा काकांनी लावला होता. विश्रामबागच्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा अर्धवट मिटल्या डोळ्यांचा फोटो दारापेक्षा मोठा करून खाली छापलं होतं : ‘प्रोटॉन फोडणारी आपली वाघीण!’

गोची अशी होती की माझे प्रोटॉन फुटत नाहीत. परदेशात जमिनीखाली एक प्रचंड यंत्र आहे, त्यात प्रोटॉन एकमेकांवर सोडतात. बरेच फुटतात, पण काही जरासे वळून अख्खेच्या अख्खे पुढे निघून जातात. मी अभ्यास करते तो या अख्ख्यांचा. काकांनी फोनवर ‘टक्कर’ एवढंच ऐकलं आणि थेट फ्लेक्सवाल्याकडे गेले.

गप्प बसले तर दुसऱ्यांच्या कामाची शाल माझ्या खांद्यावर पडणार होती. बोलले तर सगळ्या गावासमोर काकांचं हसं होणार होतं. शिवाय बोलायचं मराठीत, आणि माझं सगळं भौतिकशास्त्र इंग्रजीत झालेलं.

काका हार घेऊन शेजारून चालले होते. मी त्यांची बाही ओढली.

“काका, फ्लेक्स चुकलाय.”

“कुठं? नाव तर बराबर हाय की.”

“माझे प्रोटॉन फुटत नाहीत. नुसते वळतात.”

“आन् मग?”

“किती वळले ते आम्ही मोजतो.”

काकांनी आधी माझ्याकडे, मग फ्लेक्सकडे पाहिलं. “एवढ्यासाठी एवढं मोठं मशीन?” आणि ते इतक्या जोरात हसले की हारातली शेवंती गळाली. “मग सांग की तसं! मी सांगितलं तर म्हणतील, ह्याला काय कळतंय. पण मराठीत बोल बरं का. इंग्लिश सुरू केलंस तर समदी चहाकडं पळतील.”

घरच्या कार्यक्रमांतही मी ‘हो’ आणि ‘नाही’वर भागवते. माईक हातात आला आणि शिट्टी वाजवू लागला. काका पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते, बोल, बोल.

“नमस्कार,” मी म्हणाले. “प्रोटॉन फोडतात ते माझे मित्र. माझे फुटत नाहीत. घाटात दोन एसट्या समोरासमोर येतात, आरशाला आरसा घासतो, आणि दोघी जराशा वळून आपापल्या वाटेनं जातात ना, तसं. कोण किती वळलं यावरून प्रोटॉन केवढे आहेत, ते आम्ही ओळखतो. आणि खरं सांगू? एखादा तसा अख्खा निघून आलेला सापडला ना, की मला लय भारी वाटतं.”