जाऊबाई उतरायच्या ती विहीर

माझं माहेर साखरशेतचं. तिथं घरामागच्या ओहोळाला होळीपर्यंत तरी पाणी असायचं. नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर आले. नवरा प्राथमिक शिक्षक. त्याची नोकरी दुसऱ्या तालुक्यात, त्यामुळे तो सुट्टीपुरता घरी. सासू-सासरे आधीच गेलेले. घरात मोठे दीर, जाऊबाई, त्यांची नुकती शाळेत जायला लागलेली मुलगी आणि मी. संसार म्हणून जे काही शिकले ते जाऊबाईंकडून, आणि त्यातलं निम्मं पाण्याचंच होतं.

आमच्याकडं पाऊस पडत नाही असं कुणी म्हणू नये. आषाढात कुडाच्या भिंती ओल धरायच्या, चूल पेटायची नाही. पण ते सगळं पाणी डोंगरावरून धावत खाली जायचं आणि आम्हाला काही ठेवायचं नाही. शिमगा झाला की पाड्याखालच्या विहिरीचा तळ दिसायला लागे. वैशाखात तळाच्या कातळातल्या एका खळग्यात झिरपून येईल तेवढंच पाणी. कुणीतरी खाली उतरायचं, ते वाटीनं पोहऱ्यात भरायचं आणि वरच्या बायकांनी दोरानं ओढून घ्यायचं.

उतरायला पायऱ्या नव्हत्या. बांधकामाच्या दगडांच्या फटींत पाय रोवत खाली जायचं. बहुतेक वेळा जाऊबाईच उतरायच्या. अंगानं हलक्या, आणि घाई त्यांना माहीत नव्हती. दुसरी कुणी उतरली तर वाटी खरवडून गढूळ पाणी वर पाठवायची. जाऊबाई खळग्याशेजारी बसून राहायच्या, गाळ बसू द्यायच्या, मग वरच्यावर वाटी फिरवायच्या. वरून बायका ओरडायच्या, "झोपलीस का काय गं खाली?" त्या खालून म्हणायच्या, "हितं गार हाये. तुमीच या झोपायला." आणि सगळ्या हसायच्या. त्या विहिरीवर हसणंही व्हायचं, हे मला सांगायला हवं.

लग्नाच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यातली ती सकाळ. ऊन वर आलं होतं. आमचे दोन हंडे भरून झाले होते, शेजारणीचा एक भरला होता. जाऊबाईंनी शेवटचा पोहरा वर पाठवला आणि त्या चढायला लागल्या. मी काठाशी वाकून उभी होते, हात द्यायला. त्यांचं डोकं माझ्या हातापासून फार लांब नव्हतं. त्यांनी धरलेला दगड जागचा निघाला. आवाज असा काहीच झाला नाही, त्या ओरडल्याही नाहीत. दगड आणि त्या एकदमच खाली गेल्या.

दोघी-तिघी बायका "अगं बाय गं" करत पाड्याकडं पळाल्या. मी काठावरून हाका मारत राहिले. खूप वेळानं खालून त्यांचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा.

"हंडा सांडला का गं?"

"नाही सांडला. तुम्ही हलू नका, बाय. माणसं येतात."

"पाय कळत नाय मला माजा," त्या म्हणाल्या.

पुरुषांनी त्यांना दोरानं बांधून वर काढलं. कमरेखाली काही हलत नव्हतं आणि कानातून रक्त येत होतं. घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली आणि डांबरी सडकेपर्यंत नेली. सडकेवर उन्हात जीपची वाट बघत बसलो. मी बरोबरच्या तांब्यात पदर भिजवून त्यांच्या ओठांना लावत होते. त्यांनी माझा हात बाजूला सारला. "पोरीला ठेव," म्हणाल्या. भरलेले हंडे घरी होते, मुलगीही घरीच होती, पण ते समजावण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "ठेवलंय तिच्यासाठी."

मोखाड्याच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या नाशिकला न्यायला सांगितलं आणि गाडीही करून दिली. नाशिकच्या वाटेवरच त्या गेल्या. दीर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ते ड्रायव्हरला एवढंच म्हणाले, "फिरव गाडी."

घरी आणलं तेव्हा दुपार कलली होती. बाईमाणूस सवाष्ण गेलेली, तिला न्हाऊ घालून, हळद लावून पाठवायचं. घरात सकाळचे ते दोन हंडे होते. एका वयस्कर बाईनं दारात उभं राहून मला विचारलं, "हेच पाणी वापरायचं का?" जाऊबाईंनीच भरलेलं पाणी त्यांच्याच अंगावर घालायचं. दीर आतून म्हणाले, "तेच घाला. दुसरं कुठं हाये?" तेवढ्यात शेजारीण आली, तिच्या हंड्यात अर्धं पाणी होतं. मग आणखी कुणी कळशी आणली, कुणी तांब्या. कुणाच्याही घरी दुसऱ्या दिवसापुरतं पाणी नव्हतं, हे प्रत्येकीला माहीत होतं. एवढं पाणी आमच्या अंगणात मी उन्हाळ्यात कधी बघितलं नव्हतं.

मयत करून आलेल्यांनी आंघोळ करून घरात शिरायचं असतं. त्या दिवशी पाड्यातल्या एका म्हाताऱ्यानं सगळ्यांना ओट्याखाली थांबवलं आणि तांब्या पुढं करून सांगितलं, "बोटं बुडवा, डोळ्यांना लावा. वरच्याला समजतं." माणसांनी तसं केलं आणि खाली मान घालून आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका विहिरीवर आल्या, पण कुणी पुढं होईना. कातळावर डाग होता. "त्या पाण्यावर मन कसं होईल?" एक म्हणाली. खरंच होतं ते. पण दुसरं पाणी वाघ नदीच्या पात्रात, डोंगर उतरून, आणि घरात पोरं तहानेली. सुतकातली बाई पाणी भरत नाही, पण त्या दिवशी ते कुणी काढलं नाही. मी पदर खोचला आणि उतरले. पायाला फट लवकर सापडत नव्हती. खाली पोचले तर जाऊबाईंची वाटी खळग्याशेजारी पडलेली. आधी डागावर पाणी घालून तो धुतला. त्यात पहिला पोहरा गेला. मग त्यांच्यासारखी बसले आणि गाळ खाली बसायची वाट बघितली.

पावसाळा सरला. भात झोडून झालं, नागली घरात आली. दिवाळीनंतर पाड्यातली माणसं वीटभट्टीवर निघाली, भिवंडीकडं, वसईकडं. दीरही दरवर्षी जायचे. त्या वर्षी ते गेले नाहीत. पहार आणि घण घेऊन विहिरीवर गेले आणि काठाच्या एका बाजूनं दगड फोडायला लागले.

गावातला एकजण म्हणाला, "एकटा काय खोदणार? पंचायतीत अर्ज दे."

"दिला," दीर म्हणाले. "तवर माजी पोरगी उतरायच्या वयाची होईल."

दिवसभर घणाचा आवाज पाड्यात ऐकू यायचा. मी दुपारी भाकर घेऊन जायचे. ते तिथंच काठावर बसून खायचे. तळहात फुटलेले असायचे, त्यावर चिंधी. पौषात कधीतरी भट्टीवरून आजारी होऊन परतलेला एकजण त्यांच्याबरोबर दगड फोडायला बसू लागला. मग गावात राहिलेले म्हातारे दगड उचलायला आले, बायका माती काढायला. शिमग्याच्या आत तळापर्यंत पायऱ्या झाल्या. वाकड्यातिकड्या, काही गुडघ्याएवढ्या उंच. पण हंडा घेऊन बाई चालत खाली जाऊ लागली. त्यानंतर त्या विहिरीत कुणी पडलं नाही.

पाणी मात्र दर वर्षी लवकर जाऊ लागलं. पाऊस यायचा तेव्हा सगळा एकदम यायचा आणि भादव्यातच तोंड फिरवायचा. उशिरा पिकणारं गरवं भात कणसं बाहेर पडायच्या आत, पोटरीतच वाळायचं. शेवटी शेवटी शिमग्यालाच तळ कोरडा दिसायला लागला. पायऱ्यांवर बायका टँकरची वाट बघत बसायच्या, कारण तिथं सावली होती. दीर पुन्हा भट्टीवर जायला लागले. पुतणी माझ्याजवळ राहून शाळा शिकली, दहावीपर्यंत.

तिच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा नवं शतक सुरू होऊन काही वर्षं झाली होती. पाहुणे आले, मुलगा चांगला होता, जमीन होती. तिला विचारलं, तुला काही विचारायचंय का? ती म्हणाली, "पाणी कुठून आणता?" पाहुणे हसले. दीर हसले नाहीत. लग्नाची बोलणी त्यांनी वैशाखापर्यंत लांबवली आणि वैशाखात मला बरोबर घेऊन ते गाव बघायला गेले. घरात बसायच्या आधी म्हणाले, "विहीर कुठं हाये तुमची?" काठावर उभं राहून आत बघितलं, चहा घेतला आणि परतलो. वाटेत म्हणाले, "नाय." दुसरं गावही तसंच. तिसऱ्या गावी विहिरीत आभाळ दिसण्याएवढं पाणी होतं. दीर काठावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. त्या घरी मुलगी दिली.

आता ती तिथं आहे, दोन मुलं आहेत. मागच्या उन्हाळ्यात तिला भेटायला गेले तर ती घरी नव्हती. सासू म्हणाली, पाण्याला गेलीय, येईल. मी ओट्यावर बसले. दुपार होत आली तेव्हा ती चढ चढून आली, डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. मला बघून हसली. हंडा उतरवायला मी हात दिला. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "काकी, बाबांना सांगू नकोस हां."