न दाखवलेले रीळ

इब्राहिमभाई मणेर यांची नि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. पौडच्या शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून रुजू झालो होतो. बाजारतळावर त्यांच्या फिरत्या सिनेमाचा तंबू लागला होता आणि त्याचा कर्णा दिवेलागणीपासून माझ्या खिडकीशी कोकलत होता. मी तरातरा गेलो. तंबूच्या तोंडाशी पांढऱ्या टोपीतले एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. तोंडाला येईल ते मी बोललो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "मास्तर, भांडण कुटं पळून जातंय व्हय? आदी बगून घ्या, मग भांडू." मी आत जाऊन बसलो. चित्रपट संपला आणि भांडायचे राहिलेच. ते आज त्यांच्या साठीपर्यंत राहिले आहे.

सारा मुळशी तालुका त्यांना चाचा म्हणतो. दिवसा ते पेठेतल्या आपल्या बांगड्यांच्या दुकानात बसतात आणि जत्रांच्या दिवसांत तंबू घेऊन गावोगाव जातात. इतर तंबूवाले पुण्यात गाजलेले चित्रपट आणतात. चाचांचे सगळेच उलटे! पुण्यात आठवडाभरही न टिकलेला, पेपरात ज्याचे नावही आले नाही असा चित्रपट ते हुडकून काढणार, रिकाम्या थिएटरात एकटे बसून बघणार आणि आवडला की तोच आणणार. मी एकदा म्हटले, "चाचा, जो पुण्यात पडला तो इथे काय चालणार?" ते म्हणाले, "संध्याकाळी मेथीची जुडी उरली म्हंजी ती कडू असती का, मास्तर?"

शिफारस करण्याची त्यांची रीत मात्र न्यारी. बायका बांगड्या भरायला बसल्या की हात दाबता दाबता चाचा चित्रपट सांगू लागत. पहिला प्रसंग असा रंगवत की बाईला काचेची बांगडी चढताना दुखायचेही भान उरत नसे. आणि ऐन रंगात आले की गप्प! "मग काय झालं?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "पुडचं तंबूत." शेवट त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही. मी तर किती वेळा चिडून उठलो आहे.

माझी पत्नी गेली त्या वर्षी मी कुणाशी धड बोलत नव्हतो. समाचाराला येणाऱ्यांच्या उपदेशाचा वीट आला होता. चाचा आले ते एवढेच म्हणाले, "पुण्यात एक शिनेमा लागलाय. एकट्याला बगायचा कंटाळा येतो. चला." दोन भावांत एक म्हैस, असा तो विनोदी चित्रपट. थिएटरात माणसे मोजकीच. मी हसलो, पुष्कळ हसलो आणि हसता हसता हुंदके कधी देऊ लागलो ते कळले नाही. चाचा पडद्याकडेच बघत राहिले, माझ्याकडे त्यांनी मान वळवली नाही. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

पण ज्याच्यासाठी मी लेखणी हाती घेतली तो चित्रपट वेगळा. त्याचे नाव आमच्याकडे कुणाला आठवत नाही, सगळे त्याला 'गाडीवानाचा शिनेमा' म्हणतात. एका गाडीवानाची मुलगी रुसून घर सोडून जाते. बाप रोज तिची वाट बघतो, घराचे दार कधी लावत नाही. शेवटून दुसऱ्या रिळात तो आजारी होऊन बाजेवर पडला आहे, दार उघडे आहे आणि दुरून बैलगाडीची घुंगरे ऐकू येतात. तिथे ते रीळ संपते.

पौडला तो प्रथम लागला तेव्हा शेजारच्या भरे गावच्या तुळसाबाई आणि त्यांचे मालक बाळोबा पुढेच बसले होते. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन मुंबईला गेलेली. जावयाने बिऱ्हाड हलवले आणि पुढे तिचा पत्ताच लागेना. बाळोबा रोज रस्त्यावर एस. टी. थांबते तिथे जाऊन बसत. हे सगळ्यांना ठाऊक होते. चाचा शेवटचे रीळ चढवू लागले तशा तुळसाबाई ताडकन उठल्या. "चाचा, थांबवा! पुडचं नगं. आन कुनी सांगायचं बी न्हाई!"

चाचांनी यंत्र बंद केले. तंबूतला एकही माणूस कुरकुरला नाही.

पुढे दर जत्रेला तो चित्रपट लागे आणि दर वेळी घुंगरांवर थांबे. शेवटचे रीळ चाचा तंबूत आणतच नसत, घरी ट्रंकेत ठेवून येत. बाळोबा दर वर्षी बघायला यायचे आणि जाताना म्हणायचे, "गाडी आली म्हंजी पोरगी आलीच की!" त्या एका बोलण्यावर तो माणूस जगत होता, असे मला वाटते.

मग घात झाला. चित्रपटाची कंपनी बुडाली. तिच्याकडचा एक माणूस पौडला आला आणि म्हणाला, कोकणातला एक तंबूवाला हा चित्रपट मागतो आहे. चाचांना कोण आनंद! आपल्या आवडीचा चित्रपट आणखी माणसे बघणार! त्यांनी डबे पुसून पुसून त्याच्या हवाली केले. शेवटचे रीळ ट्रंकेत राहिले हे त्यांना दुसऱ्या दिवशी आठवले. ते घेऊन धावत पुण्याला गेले, तेव्हा कळले की कोकण वगैरे सगळी थाप होती. जुन्या फिती धुऊन त्यातली चांदी काढून घेतात आणि उरलेल्या पट्ट्यांच्या बांगड्या करतात. गाडीवान, त्याची बाज, ते उघडे दार, सगळे धुतले गेले होते. तो चित्रपट दुसरीकडे कुठेही मिळाला नाही. चाचा परत आले आणि दुकानातल्या त्या जातीच्या बांगड्या त्यांनी उचलून आत टाकल्या. आजही ते फक्त काचेच्याच विकतात.

बाळोबा गेले. मुलगी आली नव्हती. अखेरच्या दिवसांत त्यांनी खाट दाराशी ओढून घेतली होती.

यंदा चाचांची साठी करायचे आम्ही ठरवले. काय हवे, असे विचारले तर म्हणाले, "ते ऱ्हायलेलं रीळ एकदा लावू द्या. पर तुळसाबाईस्नी इचारून." मी स्वतः भऱ्याला गेलो. तुळसाबाई म्हणाल्या, "आता कुनाला भ्यायचं, मास्तर? येती मी."

ठरल्या रात्री आम्ही तंबूत बसलो. आगापिछा नसलेले ते एकटे रीळ सुरू झाले. गाडी दाराशी थांबते. मुलगी उतरते. आत बाजेवर बाप निपचित पडला आहे, थोड्या वेळापूर्वीच गेला आहे. मुलगी त्याच्या पायाशी बसते आणि मग उठून दार लावते. संपले.

तुळसाबाई उभ्या राहिल्या. "आली व्हती की रं!" त्या ओरडल्या. "आली व्हती पोरगी! मला तवा वाटलं, गाडीतनं तिचं मढंच उतरतंय, म्हून थांबीवलं. चाचा, ह्यांनी बगायला पायजे व्हतं हे."

चाचा यंत्र सोडून पुढे आले. "तुळसाबाई, बाप गेल्याला हाय त्यात. बाळोबाला ते कसं दावायचं?"

"आवं, बाप काय, आज ना उद्या जायाचाच. पोरगी आली न्हवं?"

चाचा खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मीही रडलो, लपवण्यात काय अर्थ आहे? तुळसाबाईंनी परत लावायला सांगितले. त्यांनी परत लावले.

तेव्हापासून चाचा दुकानात मुके बसतात. गिऱ्हाइकाला कुठलाही चित्रपट सुचवत नाहीत. आपण एका बापाचे सुख ट्रंकेत कोंडून ठेवले, हे त्यांच्या मनाने घेतले आहे. चाचा, तसे नाही हो! तुम्ही एका बाईला दिलेला शब्द पाळलात. हे मी सांगून तुम्हाला पटत नाही, म्हणून परवा पुन्हा भऱ्याला गेलो. तुळसाबाईंना म्हटले, चाचांच्या साठीच्या अंकात सगळे दीर्घायुष्य चिंतताहेत, तुमच्या नावाने काय लिहू?

भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "लिवा, लई वर्सं जगा म्हनावं, आन धडधाकट ऱ्हावा. माजी पोरगी आली, तर तिला त्या शिनेमातलं आदलं समदं तुमच्यावानी सांगनारं दुसरं कोन हाय?"