दंडावरचे वण

मास्तर वर्गात आले की आधी सदऱ्याची डावी बाही खांद्यापर्यंत सरकवत. दंडावर चिंचोक्याएवढे दोन वण होते. म्हणत, "पुस्तक मंग काढा. पहिले हे वाचा."

वाशीमच्या हायस्कुलात त्यांच्या हाताखाली तुमच्यापैकी कुणी शिकलं असेल, तर त्याला ती बाही आठवेल. पुस्तकात लढाया होत्या. मास्तर मात्र आमच्या मुलखात देवीची लस कशी आली ते शिकवत. पूर्वी टोचलेल्या पोराच्या दंडावरून दुसऱ्या पोराला टोचत. पुढे वासरू गावोगाव हिंडवून त्याच्या अंगावरची लस घेऊ लागले. मग काचेच्या नळ्या आल्या. हे समजावताना एकदा त्यांनी खरंच वासरू वर्गात आणलं. त्याने हजेरीपटाचं पान चघळलं. "याची हजेरी लागली," मास्तर शांतपणे म्हणाले.

टोचणारा गावाबाहेर पडला की आया कडुनिंबाच्या पाण्याने पोरांचे दंड धुऊन काढत. देवी कोपेल ही भीती. मास्तरांच्या आईनेही पाणी घेतलं, तेव्हा ते पळाले आणि ज्वारीत लपले. धाकटा भाऊ तान्हा होता, त्याला पळता येत नव्हतं. इथवर सांगून मास्तर बाही खाली ओढत.

एका दिवाळीला त्यांनी सांगितलं, घरातल्या प्रत्येकाचा दंड पाहा, वण किती ते वहीत लिहा. मी किन्हीराजा गावचा. आमच्या घरात शाळेत गेलेला मी पहिलाच. धाकट्या बहिणीचा दंड पाहिला तर गुळगुळीत. आई म्हणाली, "म्या धुतला. तुह्या मास्तराले नोको सांगू."

वर्गात सगळे माझ्या आईला अडाणी म्हणतील, असं वाटलं. मी लिहिलं, 'बहीण. वण दोन.' मास्तरांनी खाली 'शाबास' लिहिलं.

ज्यांच्या वहीत कुणापुढे शून्य होतं, त्यांच्या गावी मास्तर टोचणाऱ्याला घेऊन रविवारी पायी गेले. आमच्याकडे येण्याचं त्यांना काही कारण नव्हतं.

चैत्रात गावात देवी आल्या. बहीण सात वर्षांची होती. नवव्या दिवशी गेली.

शाळेत परतल्यावर मी मास्तरांना सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. ते मारतील असं वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी वही मागून घेतली आणि विचारलं, "तुही माय कशी हाये?"

मी म्हणालो, बोलत नाही.

त्या रविवारी ते किन्हीराजाला आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले. उपदेश केला नाही. आईला एवढंच म्हणाले, "बाई, माह्या मायनंही धुतला होता. तिचा जीव नव्हता का आमच्यावर?" आई त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

त्यानंतर मास्तरांनी कुणाला वही करायला लावली नाही. सुटीत स्वतःच गावोगाव फिरून दंड पाहत.

मी आता अमरावतीला कॉलेजात आहे. परवा वाशीमला गेलो, तर मास्तर हिवतापाने गेल्याचं कळलं. त्यांच्या पत्नीने माझी जुनी वही दिली. ती त्यांच्या उशाशी असायची म्हणे.

ते पान मी भीत भीत उघडलं. माझं 'वण दोन' तसंच होतं. त्याला त्यांनी हात लावला नव्हता. खोडलं होतं ते फक्त स्वतःचं 'शाबास'. त्याखाली लिहिलं होतं, 'मी पाहायला गेलो नाही.'