आभाळात बसवलेले आजोबा

माजलगावच्या फ्लेक्सच्या दुकानात मी कामाला लागलो तेव्हा रंग कसे मिसळतात ते मी कॉम्प्युटरवर नाही, खिडकीत शिकलो. दुकानाचे मालक, आमचे उस्ताद, अर्धं आयुष्य हाताने पाट्या रंगवलेले. त्यांनी दोन रंगीत जिलेटिनचे कागद एकावर एक धरून काचेला लावले. "बघ, उजेड कमी झाला. ह्ये मल्टिप्लाय." मग भिंतीवर एकाच जागी दोन बॅटऱ्या मारल्या. "वाढला का न्हाई? ह्ये स्क्रीन." कॉम्प्युटरवर एका थराचे रंग दुसऱ्यात मिसळायच्या या पद्धतींना मोड म्हणतात; बाकीचे मोड मी स्वतःच खेळून शोधले आणि त्यात माझा जीव रमला, जरा जास्तच.

दिंद्रुडच्या एका लग्नाचा फ्लेक्स आला. नवरीच्या आजोबांचा एकच फोटो मिळाला, तरुणपणचा, फेटा बांधलेला, काळा-पांढरा. दुसरा कुठलाच आजोबांना पसंत नव्हता. रंगीत पाहुण्यांत तो चेहरा उपरा दिसत होता, म्हणून मी मागे संध्याकाळचं आभाळ टाकलं आणि फोटो ल्युमिनॉसिटी मोडवर ठेवला. या मोडमध्ये वरच्या थराचा फक्त उजेड-अंधार उरतो, रंग खालच्या थराचा येतो. आजोबा केशरी झाले, फेट्याच्या कडा ढगांत विरघळल्या. मी स्वतःवरच खूश! नवरीच्या बापाला मोबाईलवर पाठवला. आपल्याकडे फ्लेक्समध्ये आधी नावं बघतात. मामा, चुलते, साडू जागच्या जागी आहेत एवढं तपासून त्याने 'ओके' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स फाट्यावर लागला. नेमके त्याच दिवशी आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अंबाजोगाईला गेले होते. अकराच्या सुमारास नवरीच्या बापाचा फोन आला.

"आमचा बाप जित्ता हाय, अन् तुमी त्याला आभाळात बसवला? कुणीतरी फोटो पाठवला, उमापूरची आत्या रडत निघालीय!"

"आजोबा कसे आहेत?"

"आत घेतलंय म्हणं. आता फोनच उचलंनात."

फ्लेक्सवर आभाळात कुणाला बसवतात, हे आपल्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल. मलाच ते सुचलं नव्हतं. शकुन-अपशकुन मी मानत नाही, पण त्या दिवशी मानला. म्हाताऱ्याला काही झालं तर ते माझ्याच हाताने झालं, असं सारखं वाटत होतं.

उस्तादांनी स्क्रीन पाहून कपाळावर हात मारला. "कॉम्प्युटरला काय ठावं बे, आभाळात कोण असतं? तुला ठावं पायजे." मग ते माझ्या शेजारी बसूनच राहिले. मी आभाळ काढलं, फोटो साध्या मोडवर आणला. वर नवा थर घेऊन गव्हाळ रंग भरला आणि त्याला कलर मोड दिला. म्हणजे आता रंग वरचा, उजेड-अंधार चेहऱ्याचा स्वतःचा. मिशी काळीच राहिली, गालांना मात्र रक्त चढलं. "आता आला माणसात," उस्ताद म्हणाले.

छापून दिंद्रुडला नेला, जुना उतरवला, नवा बांधला. तेवढ्यात फाट्यावर जीप थांबली. एका डोळ्यावर पट्टी बांधलेले आजोबा काठी टेकत उतरले. घरातून धावत आलेल्या त्यांच्या बहिणीने, म्हणजे उमापूरच्या आत्याने, त्यांच्या दंडावर बुक्क्या मारायला सुरुवात केली. "मेल्या, फोन कावून उचलला न्हाईस?" इतकं हलकं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

आजोबांनी जुना फ्लेक्स उलगडायला लावला. उघड्या डोळ्याने बराच वेळ पाहिला.

"लई झ्याक हाय," ते म्हणाले. "ठिवून दे. लागंल तवा काढ. पर घाई करू नगंस."

अजूनही बाजारच्या दिवशी ते दुकानात डोकावतात आणि त्या आभाळवाल्या फ्लेक्सची फाईल आहे का विचारतात. आहे, मी सांगतो.

"असू दे. हाय मी अजून," ते म्हणतात, आणि मी चहा सांगतो.