न पाहिलेल्या पिक्चरची जाणकार

लग्नाआधी मी एकही पिक्चर पाहिला नव्हता, आणि तरी डायलॉगवरून पिक्चर ओळखण्यात आख्ख्या पांढुर्ण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. हे लिहिताना आजही मला थोडा अभिमान वाटतो, यावरूनच समजून घ्या की तेव्हा मी काय चीज असेन.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. संत्र्याच्या हंगामात आम्ही आठ-दहा जणी एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये संत्री निवडायला जायचो. लहान, मध्यम, मोठी असे ढीग करायचे आणि खाली तणस, म्हणजे भाताचं वाळलेलं गवत, घालून पेट्या भरायच्या. समोर कॅसेटचं दुकान होतं. तेव्हा गाण्यांसारख्या पिक्चरच्या डायलॉगच्याही कॅसेटी मिळायच्या, आणि तो दुकानदार त्या दिवसभर भोंग्यावर लावून ठेवायचा. त्यातून आमचा खेळ निघाला. एकीनं डायलॉग म्हणायचा, बाकीच्यांनी पिक्चर ओळखायचा. अडलं तर तीन हिंट मागायच्या. हिरोची माय शेवटपर्यंत जगते का, मारामारी गोदामात होते का, असल्या. हरणारीनं जिंकणारीची एक पेटी भरून द्यायची. त्या हंगामांत मी स्वतः किती पेट्या भरल्या असतील, शंकाच आहे.

माझे बाबा नगरपालिकेत शिपाई होते आणि टॉकीजच्या पायरीवर पाय ठेवला की मुलगी वाया गेली, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे बाकीच्या पोरी पिक्चर पाहून यायच्या आणि मी फक्त भोंगा ऐकायची. पण ऐकून ऐकून मी एवढी शेफारले की पाहून आलेल्यांच्याच चुका काढायची. एकदा एकीनं विचारलंच, "तू पाह्यला का वो, एवढी बोलून राहिली तं?"

"नागपूरले. मामाकडं. दोनदा!"

नागपूरला मला एक मामा होता, एवढंच त्यात खरं होतं.

चेहरे मी माझ्या मनानंच लावले होते. भिंतीवरच्या पोस्टरमधला जो देखणा दिसेल त्याला मला आवडलेला आवाज देऊन टाकायचा. त्यातला एक आवाज तर माझ्या जिवाला लागला होता. खर्जातला, सावकाश. "मैं वादा नहीं करता. सीधा आता हूँ." मागे वाऱ्याची शीळ, आणि लगेच बायकांचा गलका. पांढऱ्या सदऱ्यातला हिरो नायिकेला शब्द देतो आहे आणि तिच्या मैत्रिणी आनंदानं ओरडत आहेत, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तणस पसरता पसरता मी त्याची वाट पाहायची. खरंच पाहायची, त्यात लपवण्यासारखं आता काही उरलं नाही.

मग सौंसरचं स्थळ आलं. मुलगा तहसील कचेरीत कारकून. पाहण्याच्या वेळी तो मान खाली घालून बसला होता. मोठी माणसं अंगणात गेल्यावर त्यानं जेमतेम ऐकू येईल असं विचारलं, "पिक्चर पाहता का?"

बाबा दाराबाहेरच होते. तरी माझ्यातली जाणकार गप्प बसेना. मी हळूच त्या पिक्चरचं नाव सांगितलं, दोनदा पाहिल्याचं सांगितलं, आणि तो वादेवाला मला सगळ्यात जास्त आवडतो हेही सांगितलं. त्यानं पहिल्यांदा मान वर केली. डोळे मोठे करून माझ्याकडे पाहतच राहिला. मला वाटलं, जिंकलं! होकार दुसऱ्याच दिवशी आला. सासूबाईंनी नंतर सांगितलं की याआधी त्यानं दोन मुली नाकारल्या होत्या. "म्हने, हे पोरगी सगळ्याहून येगळीच आहे."

विहारात लग्न लागलं आणि मी सौंसरला आले. पहिल्याच दिवशी नवरा खर्जातल्या आवाजात म्हणाला, "पाणी आण." तोच आवाज! मी हरखून गेले. तो रोज तसाच बोलायचा. "जेवतो." "निघतो." "दार लाव." दोन शब्दांपलीकडे गाडी जात नसे, पण ते दोन शब्द ऐकायला मी हातातलं काम टाकायची. संध्याकाळी कचेरीतून आला की गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या करायचा. तहसीलमध्ये धूळ फार असेल, असं मी समजत होते.

भीती मात्र एक होती. कधीतरी हा मला पिक्चरला नेईल आणि माझं बिंग फुटेल. ज्या एका गोष्टीवर या माणसानं मला पसंत केलं तीच खोटी निघाली, तर माझ्याकडे दुसरं होतं काय? रंग बेताचा, शिक्षण दहावी नापास. मी डोकेदुखीची कारणं सांगून चार वेळा टॉकीज टाळली.

सहा महिन्यांनी आम्ही माहेरी आलो आणि नेमका तोच पिक्चर पांढुर्ण्यात पुन्हा लागला. त्यानं मला न विचारताच दुपारच्या खेळाची तिकिटं आणली. जावयापुढे बाबाही काही बोलले नाहीत.

आत अंधार झाला आणि माझी भीती कुठल्या कुठे पळाली. प्रत्येक डायलॉग मी पडद्याच्या आधी म्हणत होते. मागून कोणीतरी "ओ बाई, चूप बसा ना" म्हणालं. नवऱ्याची मान ताठ झाली होती. मग वाऱ्याची शीळ आली. मी पदर सावरून बसले. पडद्यावर घोड्यावरून एक ढेरपोट्या, टकला, एका डोळ्यानं काणा माणूस हातात मशाल घेऊन गावात शिरला आणि म्हणाला, "मैं वादा नहीं करता. सीधा आता हूँ." आणि त्यानं पहिली झोपडी पेटवली. बायका ओरडल्या.

त्यांच्याबरोबर मीही ओरडले. "मायबाई, हा कोन?"

नवरा पडदा सोडून माझ्याकडे पाहू लागला. मग इंटरव्हल झालं. दिवे लागले. बाहेर त्यानं फल्लीदाण्याची, म्हणजे शेंगदाण्यांची, पुडी घेतली आणि माझ्या हातात दिली. मी सगळं सांगून टाकलं. शेड, भोंगा, मामा, पोस्टर. "मी पिक्चर पाह्यलाच नाई. एकबी नाई. आज पयल्यांदा आली. तुमाले वापस पाठवाचं असन तं घर इथंच जवळ आहे."

त्यानं पुडी माझ्या हातातून काढून घेतली. मग विचारलं, "म्हंजे तुले थो डाकू आवडतच नव्हता?"

आवाज कोणाचा म्हणून मी मागे वळून पाहिलं. बारीक, किनरा, शाळेतल्या पोरासारखा आवाज होता.

"नाई," मी म्हटलं.

"आन मी सा महिन्यापासून थ्याच्यावानी बोलाले गळा फाडून राहिलो!"

परत जाताना सौंसरच्या बसमध्ये तो बसल्यापासून जो बोलत सुटला तो थांबेना. कचेरीतल्या साहेबाबद्दल, लहानपणी मेलेल्या बहिणीबद्दल, आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा त्याचे पाय कसे कापत होते त्याबद्दल. मी, एका वाक्यावरून आख्खा पिक्चर ओळखणारी, सहा महिने एका घरात राहून यातलं काहीच ओळखलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि त्याच्यावर मनापासून प्रेमही तेव्हाच जडलं.

सौंसरच्या स्टँडवर उतरलो. घराच्या वळणावर दोन कुत्री बसली होती. त्यानं माझा दंड घट्ट धरला.

"तुले एक सांगू का? मले कुत्र्याची लय भीती वाटते. थ्या आवाजात सांगताच येत नव्हतं."