वारा मोजणारी धोंडुबाई

नाथाजी मोहित्यांनी धोंडुबाईला पहिल्यांदा पाहिलं, ते ती जमिनीतून वर येताना. १९४४ सालचा चैत्र होता. हळदीच्या गाड्या घेऊन ते सांगलीजवळ हरिपूरला आले होते. तिथं हळद पेवात ठेवतात. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं खोल कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि पोट दोन-तीन पुरुष खोल. अशाच एका तोंडातून आधी दोन पिवळे हात बाहेर आले, मग पिवळं कपाळ, मग अख्खी पिवळी बाई. काठावर बसून तिनं चिमूटभर माती हवेत सोडली, ती कुठल्या बाजूला जाते ते पाहिलं आणि मगच पदरानं तोंड पुसलं.

नाथाजी पलटणीत हवालदार होते. पायात गोळी लागल्यामुळं नुकतेच घरी परतले होते. त्यांनी तात्याबा मुकादमाला विचारलं, ही बाई कोण? जतकडची धनगरीण, तात्याबानं सांगितलं. दुष्काळात मेंढरं गेली. उरलेली नवरा बिराप्पा राखतो, आणि ती हिच्या इथल्या मजुरीवर जगतात. अंगानं बारीक, म्हणून पेवात उतरायला बरी.

"बाकी इचारते लय," तात्याबा म्हणाला. "हळद भराय आलीया का शाळा तपासाय, कळंना."

धोंडुबाई विचारायची ते एकच. कुठल्या साली नदीचं पाणी कुठवर आलं होतं? केरबा नावाडी सत्तरीचा होता, त्याच्या खोपीत ती भाकरी घेऊन जायची आणि त्याच्या आठवणीतली सालं एकेक करून काढून घ्यायची. सालाचा आकडा दोघांनाही ठाऊक नव्हता. केरबाची नाव फुटली ते साल, धोंडुबाईच्या थोरल्या दिराचं लगीन झालं ते साल, असं ते जुळवत बसायचे.

हे कशासाठी, ते नाथाजींना तिनं पुढच्या वर्षी सांगितलं. जतच्या माळावर पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की मेंढरं चरत नाहीत, वाऱ्याकडं पाठ करून उभी राहतात. असे किती दिवस गेले, ते धनगराच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ असतं, कारण तेवढे दिवस कळप उपाशी राहतो. धोंडुबाईला स्वतःची वीस सालं पाठ होती आणि त्याआधीची आईकडून ऐकलेली.

"आवं हवालदार," ती म्हणाली, "वारं जोरात असलं की ढग समदं पाणी म्हाबळेसराच्या डोंगरावर वतून मोकळा हुतोय. आमच्याकडं येतं ते नुसतं कोरडं वारं. आमची बाजरी जळती तवा तुमची नदी फुगती. आन वारं पडलं, पाऊस उगवतीकडनं आमच्यात आला, की त्या साली नदी गपगार."

सहा-सात दिवसांचा वारा म्हणजे पाणी घाटाच्या पायऱ्यांवर, हे तिच्या आणि केरबाच्या सालांवरून जुळत होतं. नऊ दिवसांच्या पुढचा वारा तिच्या आईच्या आठवणीत एकदाच झाला होता, आणि त्या साली केरबानं आता पेवांची खालची आळी आहे तिथून नाव हाकली होती. त्यानंतर कैक वर्षं नदी बेतानंच वाहिली. लोक ते विसरले आणि तिथंच त्यांनी नवी पेवं खणली. नाथाजींचं पेव त्याच आळीत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून सोडून दिलं.

लढाई संपली, त्याच्या पुढच्या साली श्रावणात धोंडुबाई गावाकडून परतली, ती हरिपूरला न जाता थेट नाथाजींच्या दारात आली. डोळे धुळीनं लाल झाले होते. बाजरी करपल्याचं तिनं सांगितलं.

"किती दिवस?" नाथाजींनी विचारलं.

"आज अकरावा."

नाथाजींची वर्षाची सगळी हळद त्या पेवात होती. त्यांनी गाडी जुंपली.

हरिपुरात ऊन पडलं होतं. नदी भरलेली होती, पण घाबरावं इतकी नव्हती. खालच्या आळीतली नऊच्या नऊ पेवं रिकामी करा, असं धोंडुबाई म्हणाली, तेव्हा टोळीतली माणसं हसली. पावसाळ्यात पेव उघडायचं नाही, हा तिथला दंडक. ओल शिरली की हळदीला बुरशी येते, आणि अशा मुकादमाला पुन्हा कुणी पेव देत नाही.

"आधी डोळं धुवून ये," तात्याबा म्हणाला. "वर बघ, ऊन हाय. आन तू पुराचं काय सांगतीस?"

"ऊन हाय म्हणूनच सांगतीया. असं वारं असतंय तवा हितं पाऊस कुठला? मग हळद वल्ली हुईल कशी? तुमी पावसाळा म्हणून तोंड बांधून बसलाय, आन पाऊस पडतोय तिकडं डोंगरात." मग ती म्हणाली, "माझं चुकलं तर टोळी सोडते. परत पेवात पाय घालणार न्हाई."

तिकडं बिराप्पाची मेंढरं काय खातील, हा विचार नाथाजींच्या मनात येऊन गेला. त्यांनी पहार उचलली आणि आपल्या पेवावरचा दगड स्वतः सरकवला.

कोंडलेली हवा जाईपर्यंत पेवात उतरता येत नाही. दोन तास सगळे काठावर बसून राहिले. मग धोंडुबाईनं दोरीनं कंदील खाली सोडला. तो विझला नाही, तशी ती उतरली. हळद कोरडी खणखणीत निघाली आणि वाऱ्यावर तशीच राहिली. दुपारी केरबा आला. त्यानं नाव उतारावरून काढून वरच्या चिंचेला बांधली होती. पाण्याचा रंग बदललाय, तो म्हणाला, वरची तांबडी माती येतीया.

मग कुणाला सांगावं लागलं नाही. दोन दिवस सगळी आळी हळद उपसत होती. दादासो नावाचा एक मालक तेवढा अडून बसला होता. कराडला पाणी चढल्याची तार सांगलीत आल्यावर तोही पळत आला आणि स्वतः पोती वाहू लागला. नऊ पेवांतली हळद देवळाच्या ओवऱ्यांत जाऊन पडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कृष्णा आळीत शिरली. रिकाम्या पेवांत पाणी पडताना जमिनीतून डेरा घुमल्यासारखा आवाज येत होता. सगळं हरिपूर देवळापाशी उभं राहून तो ऐकत होतं. तात्याबानं एक पोतं सोडलं. हळकुंडांच्या तळाशी साठलेली पूड त्यानं ओंजळीत घेतली, धोंडुबाईच्या पुढ्यात आला आणि धनगर बिरोबावर भंडारा उधळतात तशी ती तिच्यावर उधळली.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं," तो म्हणाला.

टोळीनं ते उचलून धरलं. दादासोनं दुसरं पोतं सोडलं. पहिल्या दिवशी होती तशी ती पुन्हा कपाळापासून पावलापर्यंत पिवळी झाली, आणि या खेपेला तिनं तोंड पुसलं नाही. नाथाजींनी पलटणीत बरेच मानसन्मान पाहिले होते. पण सलाम करायला हात आपसूक वर गेला, तो त्या दिवशी.

पुढच्या चैत्रात धोंडुबाईला मुकादम करा म्हणायला पेवमालक आपणहून तात्याबाकडं गेले, आणि तात्याबानं मुकादमकी आनंदानं तिच्यासाठी सोडली. बिराप्पाही मेंढरं घेऊन जतहून खाली आला. धोंडुबाई सध्या हरिपुरातच राहते, आणि टोळीत तिच्या हाताखाली अकरा माणसं आहेत.