दीपगृहाचा पोकळ खांब

दीपगृहाच्या गोल जिन्याचा तुम्ही पाठवलेला फोटो सुंदर आहे, बाळांनो. पण माझी नजर मधल्या खांबावरच अडकली, आणि पेणची ती केस पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली.

नव्वदच्या दशकात मी पेणला फौजदार होते. खाडीकाठच्या मिठागरात राबणारी एक बाई नवरा हरवल्याची तक्रार घेऊन आली. मिसिंग दाखल झाली. आम्ही नेहमीचे प्रश्न विचारले: भांडण झालं होतं का, बाहेर कुणी होती का, गल्फला जायचं म्हणत होता का. हरवलेला माणूस पळून गेला असेल, हे मानणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं. तिची सासूही तिला तेच ऐकवायची, "तुज्या तोंडाला कंटालून गेला गो माजा पोर."

ती दर आठवड्याला ठाण्यात यायची. हवालदार चेष्टा करायचे, "सापडला की तुलाच पहिली तार करू."

"तार नको, मानूस द्या," ती म्हणायची.

एकदा जाताजाता ती मला म्हणाली, "बाय, हे हरवले त्याच दिसांत त्या जुन्या बत्तीत भंगारवाले ठोकीत व्हते. दोनेक दिस आवाज आला, मंग बंद झाला. त्यातला एक यांचा दोस्त हाय. त्याला इचारा ना."

बत्ती म्हणजे खाडीच्या तोंडावरचं बंद पडलेलं दीपगृह; त्यातलं दिव्याचं पितळी यंत्र चोरीला गेलं होतं. तो दोस्त आता रोह्याला एका कंपनीत लागला होता. शिफ्ट सुटताना त्याला ताब्यात घेतलं. हरवलेल्या माणसाबद्दल विचारलं की एकच उत्तर, "मला काय म्हाईत नाय." मी तो विषय सोडला आणि ते यंत्र वरून कसं उतरवलं, एवढंच विचारलं. चोरी नाकारणाऱ्यालाही आपल्या मेहनतीबद्दल बोलायला आवडतं.

"लई जड, बाय. मी वर, तो खाली..." आणि तो थांबला.

"तो कोण?"

मग सगळं बाहेर आलं. जिना ज्याच्याभोवती फिरतो, तो खांब आतून पोकळ होता. जुन्या काळी त्यात साखळीला भलंमोठं वजन टांगलेलं असे. ते सावकाश खाली सरके आणि त्याच्या ओढीने वरचा दिवा फिरत राही. तळाशी खांबाला छोटं लोखंडी दार होतं. त्यातून हा माणूस वजन सोडवायला आत शिरला, आणि वर यंत्र खोलताना साखळी सुटली. वजन त्याच्या पायांवर आलं.

"मग दार का लावलंस?"

"बोंबलत व्हता. कोन ऐकंल म्हनून."

पंचनाम्याला तिला ओळख पटवायला न्यावं लागलं. खालच्या खोलीत भिंती इतक्या जाड की खिडकीतला उजेड आत पोचेपर्यंत विझून जाई. गंजलेली कडी तोडली. आत हाडं होती, वजन होतं, पाना होता. तिने सदरा ओळखला. रडली नाही. मग तिचं लक्ष दाराच्या आतल्या बाजूकडे गेलं. बसल्या माणसाचा हात पोचेल तिथे पत्रा ठोकून ठोकून चेपला होता. त्यावरून तिने बोट फिरवलं.

"बाय, म्हंजे ते भंगारवाले नव्हते."

मी हाडांजवळचा पाना उचलला.

"आमी मिठागरातल्या साऱ्या ऐकीत व्हतो. एक बाय बगायला निघालीवती. मीच म्हनले, जाऊ नको गो, उद्या पोलीस साक्षीला बोलावतील."

आरोपीला शिक्षा झाली. गुन्हा उघडकीस आणल्याबद्दल वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला मात्र त्या केसने एवढंच शिकवलं की त्या माणसाला वजनाने आणि दोस्ताने मारलं, तसंच आमच्या ठाण्याच्या भीतीनेही मारलं. त्यानंतर बदली होईपर्यंत प्रत्येक गावबैठकीत मी सांगत राहिले: आवाज ऐकलात तर जाऊन बघा, साक्षीचं मी बघते. लोक माना डोलवायचे. मिठागराच्या गावी मात्र मी हे बोलू लागले की मागे बसलेली ती उठून बाहेर जायची.